आठशे रुपयांत बॉम्बे हायच्या बुडापर्यंत

कर्वे रोडला एका हॉलमध्ये समुद्रातल्या तेलावर दोन रविवारचं वर्कशॉप होतं, फी ८०० रुपये, मी कॉमर्सवाला, मित्राने ओढत नेलं. माझं जिऑलॉजी म्हणजे वेताळ टेकडीवरचे काळे दगड एवढंच.

पण सरांनी सुरुवातच त्या दगडापासून केली! खिशातून एक काढला न म्हणाले हा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, हाच मुंबईपासून १६० किलोमीटर आत समुद्रात, बॉम्बे हाय या तेलक्षेत्राच्या बुडाशी पण आहे, काही ठिकाणी ग्रॅनाइट. तेल मात्र त्याच्या वरच्या चुनखडीत. आणि ते तिथे तयार झालेलंच नाही, आजूबाजूच्या खोलगट भागातला जुना चिखल गाडला जाऊन साधारण ६० ते १२० डिग्रीला शिजला, कमी तापला असता तर कच्चाच राहिला असता, जास्त तापला की गॅस. मग ते तेल सरकत सरकत उंचवट्यात येऊन बसलं, वर शेलचं, म्हणजे घट्ट चिखलाच्या दगडाचं झाकण. "हाय" म्हणजे हा उंचवटा हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं, हसू नका. आणि उंचवटा तेल सरकायच्या आधी तयार पाहिजे, नंतर झाला तर काय उपयोग, पाऊस पडून गेल्यावर बादली ठेवल्यासारखं. १९७४ मध्ये सागर सम्राट या समुद्रात ड्रिल करणाऱ्या रिगने तिथे तेल शोधलं तो किस्सा तर सरांनी असा रंगवला की चहा गार झाला.

मी विचारलं मग खाली कोकण-केरळच्या समुद्रात का नाही, किनारा तर तोच? तिथे अजून धंद्याला पुरेल असं काही सापडलेलं नाही म्हणे, आणि जाड बेसॉल्टच्या खालचं सिस्मिकमध्ये, म्हणजे जमिनीत ध्वनिलहरी सोडून घेतलेल्या चित्रात, नीट दिसतच नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या कृष्णा-गोदावरीच्या समुद्राची गोष्टच वेगळी, तो किनारा अंटार्क्टिकापासून तुटला, वर नद्यांनी गाळ आणून टाकला, त्या वाळूत गॅस.

दुसरा रविवार मात्र बोअर. सर नव्हतेच, दुसऱ्या कोणीतरी सिस्मिकच्या स्लाइड वाचून दाखवल्या, अक्षर मुंगीएवढं, प्रोजेक्टर दोनदा बंद. नोट्सची पीडीएफ मेल करतो म्हणाले, तीन आठवडे झाले. पार्किंगचं तर बोलूच नका.

तीन स्टार, तेही पहिल्या रविवारचे. पुढची बॅच लागली तर आधी फोन करून सर दोन्ही दिवस आहेत का विचारा, आणि पुढच्या रांगेत बसा, मागे पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही.