घरी येणारी फिजिओथेरपी, फोंडा तालुका : जीबीएसनंतरचे चार महिने

मी म्हार्दोळचा. वय ५८, गावच्या भजनात पेटी वाजवतो. ऑगस्टच्या अखेरीपासून चार महिने या सेवेच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम आमच्या घरी येत होत्या. आठवड्यातून तीन खेपा, खेपेला ६०० रुपये. आजार काय होता ते आधी सांगतो, नाहीतर त्यांच्या कामाचं मोल कळायचं नाही.

जुलैत फ्लू झाला. ताप उतरला, खोकला गेला. दहाव्या दिवशी अंगणातून आत आलो तर बायको म्हणाली, "एक चप्पल कुठे?" उजवी चप्पल तुळशीपाशीच राहिली होती आणि मला पत्ता नव्हता. तळव्यांच्या मुंग्या पोटऱ्यांपर्यंत चढल्या. जवळच्या एका डॉक्टरांनी तापानंतरचा अशक्तपणा म्हणून बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं दिली, त्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पेटीच्या पट्ट्या दाबेनात आणि चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला. मुलाने सरळ बांबोळी गाठली.

गोवा मेडिकलमध्ये गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हललाच नाही. पाठीतल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली, पेशी मात्र नेहमीएवढ्याच. गिलॅन-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. २०२५च्या जानेवारीत पुण्याला सिंहगड रस्त्याकडे साथ आली तेव्हा हे नाव ऐकलं होतं, पण तिथे बोट दूषित पाण्याकडे दाखवलं जात होतं. फ्लूनंतरही हे होऊ शकतं, हे आमच्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. विषाणूशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं) चढवलं, माझ्या ६२ किलो वजनाला रोज साधारण २५ ग्रॅम. श्वासाचे स्नायू कमजोर होताहेत का ते कळायला, एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते रोज बघायचे. एकदा मी १४वर अडकलो. ती रात्र घरच्यांनी कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. व्हेंटिलेटर लागला नाही, हे देवीचे उपकार.

औषधाने नसांवरचा हल्ला थांबतो. नसा भरून यायला मात्र महिने जातात, आणि ते महिने घरीच काढायचे असतात.

पहिल्या दिवशी मॅडमनी व्यायाम असा दिलाच नाही. तासभर एकेक स्नायू तपासून वहीत ० ते ५ आकडे लिहिले, ० म्हणजे काहीच हालचाल नाही, ५ म्हणजे पूर्ण ताकद. माझ्या घोट्याला २ मिळाले, म्हणजे पाऊल गादीवर आडवं सरकतं पण उचललं जात नाही. आडवं असताना आणि बसल्यावर असं दोनदा बीपी घेतलं, कारण या आजारात उठून बसताच ते घसरू शकतं. पाऊल खाली लोंबू नये म्हणून स्प्लिंट लावून दिला, आणि टाचेला बधिरपणा असल्यामुळे रोज रात्री आरसा धरून तिथे लाली किंवा घट्टा दिसतो का ते बघायला बायकोला शिकवलं. तिसऱ्या आठवड्यात खरंच लाल डाग दिसला. स्प्लिंटच्या कडेला मऊ पट्टी लावली, जखम व्हायची टळली.

मला घाई होती. खुर्चीतून पाच वेळा उठून झालं की मी सहाव्यांदा उठायला बघायचो. त्या खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, "काका, आतां पुरो." थकवा दुसऱ्या सकाळपर्यंत उरला तर आकडा कमी करायचा, हा त्यांचा नियम. तो किती बरोबर होता ते चतुर्थीनंतर कळलं. त्या गावी गेल्या होत्या, बदली आलेल्या मुलाने उत्साहाने तीस वेळा उठबस करायला लावली. दोन दिवस मला ताटातला घास उचलवेना. तक्रार केल्यावर सेवेच्या माणसाने त्याच संध्याकाळी फोन करून चूक मान्य केली आणि पुढे बदली माणूस पाठवताना मॅडमची वही त्याच्याजवळ द्यायला सुरुवात केली. हे पहिल्यापासूनच व्हायला हवं होतं.

ऑक्टोबरात एके दिवशी त्या म्हणाल्या, "काका, पेटी काढा." डाव्या हाताने भाता, उजव्याने नुसता सा, पाच मिनिटं. भाता ओढताना मनगट थरथरायचं आणि सूर तुटायचा. तो न तुटता किती धरता येतो, ते सेकंदात मोजून त्याच वहीत लिहायच्या. अनामिका आणि करंगळी सगळ्यात मागे होत्या, म्हणून त्या दोघींसाठी वेगळे पलटे बसवले. हे कुठल्या छापील तक्त्यात नसणार. समोरच्या माणसाचे हात कशासाठी आहेत, हे त्यांनी विचारून घेतलं होतं.

उणं एवढंच की वेळ पाळली जात नाही. पावसात अर्धा-पाऊण तास उशीर ठरलेला. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. हाताच्या बारीक कामांसाठी वेगळा थेरपिस्ट त्यांच्याकडे नाही.

ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी नाव नोंदवतानाच विचारा, जीबीएसचे रुग्ण आधी हाताळलेल्या कोण आहेत, आणि त्यांनाच मागून घ्या. सकाळची वेळ घ्या, दुपारनंतर अंगात त्राण नसतं.

आज उजव्या घोट्याचा आकडा ४ आहे, डाव्याचा ४ च्या आत. काठीशिवाय देवळापर्यंत जातो, पायऱ्यांना कठडा लागतो. गेल्या एकादशीला भजनात एक अभंग पेटीवर धरला. दुसऱ्या अभंगाला मी स्वतःच पेटी पुतण्याकडे सरकवली.