मुलांचा मायनस नंबर रोखणाऱ्या काचा: स्टेलेस्ट आणि मायोस्मार्ट

मुलाचा मायनस नंबर दर तपासणीला वाढायला लागला की हल्ली चष्म्याच्या दुकानात साध्या काचेऐवजी ‘नंबर रोखणारी काच’ पुढे केली जाते. किंमत साध्या काचेच्या कित्येक पट. साहजिकच पालक विचारतात, हे खरंच चालतं की नुसता धंदा आहे? चालतं. पण काच उत्तम असूनही चष्मा वाया जाऊ शकतो, आणि तेव्हा दोष बहुतेक वेळा फ्रेमचा, मापाचा किंवा चष्मा घालण्याच्या तासांचा असतो.

आधी काच काय करते ते पाहू. मायनस नंबर वाढतो म्हणजे डोळा पुढून मागे लांबत जातो. साधी मायनस काच समोरचं चित्र डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नीट आणते, पण कडेने येणारा प्रकाश पडद्याच्या मागे एकवटतो आणि वाढत्या डोळ्याला तो आणखी लांब होण्याचा इशारा ठरतो, असं मानलं जातं. या काचांत मधोमध सुमारे 9 मिमीचं स्वच्छ वर्तुळ असतं, त्यात मुलाचा पूर्ण नंबर. भोवती बारीक भिंगं पेरलेली असतात आणि ती थोडा प्रकाश पडद्याच्या पुढे धरतात. होयाच्या मायोस्मार्टमध्ये (ही काच हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठाबरोबर विकसित झाली) अशी सुमारे 400 भिंगं मधाच्या पोळ्यासारखी असतात, प्रत्येक जेमतेम 1 मिमीचं. एसिलॉरच्या स्टेलेस्टमध्ये 11 वर्तुळांत 1021 भिंगं आहेत. 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनेही (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) स्टेलेस्टला मान्यता दिली.

आता जाहिरातीतल्या टक्क्यांकडे. मायोस्मार्टच्या हाँगकाँगमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत साध्या काचेच्या मुलांचा नंबर सरासरी 0.85 ने वाढला, मायोस्मार्टच्या मुलांचा 0.41 ने. ‘52 टक्के’ म्हणतात ते हे. स्टेलेस्टच्या चीनमधल्या चाचणीत हेच आकडे 1.46 आणि 0.66 होते, आणि दिवसाला 12 तास चष्मा घालणाऱ्या मुलांत फायदा 67 टक्क्यांपर्यंत गेला. म्हणून स्टेलेस्ट सरस, असा निष्कर्ष काउंटरवर पटकन निघतो. तो चुकीचा आहे. दोन्ही चाचण्यांत साध्या काचेच्या मुलांचाच वेग इतका वेगळा आहे की आकडे शेजारी ठेवून विजेता ठरवता येत नाही. दोन्हींतली मुलं 8 ते 13 वयाची आणि चिनी होती, हेही ध्यानात ठेवावं. आमचं मत विचाराल तर दोन्हींपैकी जी काच नीट बसवून देणारा माणूस सापडेल, ती घ्यावी.

नंबर थांबेल असं मात्र कुणी सांगत असेल तर दुकान बदला. -2.00 चा नंबर या काचांनी उतरत नाही, आणि दोन वर्षांनी तो -2.50 झाला तर काच फसली असं नाही. साध्या काचेत कदाचित -3.00 झाला असता.

खरी गोची फ्रेमपाशी आहे. मायोस्मार्टचा भिंगांचा पट्टा धरून एकूण व्यास सुमारे 33 मिमी, म्हणजे मधल्या वर्तुळाच्या वर-खाली 12-12 मिमी भिंगं. फॅशनची 24 मिमी उंचीची फ्रेम घेतली की वर-खाली साडेसात मिमीच उरतात, बाकी पैसे घासणीच्या मशीनखाली जातात. उंची किमान 30 मिमीच्या आसपास हवी, आणि बाहुली फ्रेमच्या साधारण मध्यावर यायला हवी. मोठ्या भावाची किंवा ‘वाढत्या अंगाची’ फ्रेम नको. ती घसरते, आणि चष्मा 4 मिमी खाली आला की 9 मिमीच्या वर्तुळाची वरची कड बाहुलीच्या मध्याच्या अगदी जवळ येते. मूल मग भिंगांमधून धूसर बघतं, नाहीतर सरळ फ्रेमच्या वरून. बसक्या नाकाच्या मुलाला फिरते नोज पॅड आणि कानामागे सिलिकॉनचे हुक लावून घ्या. किरकोळ खर्च आहे.

माप निवडलेली फ्रेम मुलाच्या नाकावर ठेवूनच घ्यायचं. पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, नाकाच्या मध्यापासून दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं मोजायचं: एकूण 56 मिमी म्हणून निम्मे 28-28 लिहिणं चालत नाही, 27 आणि 29 सुद्धा असू शकतात. बाहुलीच्या मध्याची उंचीही दोन्हीकडे मोजावी. चष्मा तयार होऊन आला की काचेवरच्या छापील खुणा लगेच पुसू देऊ नका. मुलाला चष्मा घालून सरळ समोर बघायला सांगा; खूण बाहुलीवर आली तर ठीक, नाही तर काच परत. खुणा स्पिरिटने पुसाव्यात. काच पॉलिकार्बोनेटची असेल तर नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन तिच्यावर चुकूनही नको.

घरी एक सोपी परीक्षा आहे. काच पांढऱ्या कागदापासून वीतभर वर धरून मोबाइलचा टॉर्च मारा. मधला गोल मोकळा आणि भोवती ठिपक्यांची नक्षी दिसली पाहिजे. कागद कोरा दिसला तर बिलावरचं नाव पुन्हा वाचा.

पहिले काही दिवस मुलं कडेचं धूसर दिसतं म्हणतात. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत सवय होते. तोवर जिने उतरताना आणि सायकलवर लक्ष असू द्या, आणि डोळे तिरके न करता मान वळवायला शिकवा. पंधरा दिवसांनंतरही फळा दिसत नसेल तर मापच चुकलं असण्याची शक्यता जास्त.

तासांचा हिशेब साधा आहे. साडेसहाला उठून साडेनऊला झोपणारं मूल पंधरा तास जागं असतं, म्हणजे चष्म्याचे बारा तास भरायचे तर चष्म्याविना फार तर तीन तास. फक्त शाळेत घातला तर बारा तास भरतच नाहीत. अभ्यास, जेवण, टीव्ही, सगळीकडे तोच चष्मा. ‘थोडा कमी नंबर द्या, म्हणजे वाढणार नाही’ ही जुनी समजूतही सोडा. इथे मधला गोल पूर्ण नंबरचाच हवा, म्हणून पहिली तपासणी डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब घालूनच करून घ्या. कम्प्युटरच्या मशीनवरचा नुसता नंबर मुलांत फसवा निघतो.

दर सहा महिन्यांनी नंबराबरोबर डोळ्याची लांबीही मोजून घ्या. बायोमीटरवर दोन मिनिटांचं काम असतं. नंबर पाव-अर्ध्याने इकडेतिकडे होतो, लांबी इतकी हलत नाही. वर्षभरात 0.3 मिमीहून जास्त वाढ दिसली तर नंबरची वाढ मंदावण्यासाठी देतात त्या अ‍ॅट्रोपिनच्या कमी मात्रेच्या थेंबांबद्दल नेत्रतज्ज्ञांना विचारा. ते या काचांबरोबरही देतात. तिरळेपणा, आळशी डोळा किंवा अगदी लहान वयात मोठा नंबर असेल तर आधी डॉक्टर, मग दुकान. आणि रोज दोन तास उजेडात मैदानावर, चष्म्यासकट.

काच कोरडी, शर्टाने पुसायची नाही. पाण्याखाली धरून साबणाचा थेंब, मग मऊ कापड. ओरखडे पडलेल्या काचेतून मूल बघायचं टाळतं आणि तास कमी होतात. पैसे भरण्याआधी बिलावर दोन गोष्टी लिहून घ्या: काचेचं पूर्ण नाव, आणि वर्षाच्या आत नंबर बदलला किंवा काच खरवडली तर बदलीला किती पैसे पडतील.