क्रेटा घ्यायची, पण २०२४ची की २०२३ची?

ह्युंदाईने जानेवारी २०२४ मध्ये क्रेटाचं तोंड बदललं, पण बांधा २०२०चाच ठेवला. व्हीलबेस २६१० मिमी, डिकी ४३३ लिटर. साधं १.५ पेट्रोल आणि १.५ डिझेल ही दोन्ही साधारण ११५ पीएसची (पीएस म्हणजे ताकदीचं माप, हॉर्सपॉवरसारखं) इंजिनंही तीच. यातलं इंजिन आणि मधलं व्हेरियंट घेणार असाल, तर नव्या गाडीत जास्तीचे पैसे बरेचसे दिसण्याचे जातात. रुंदीभर पसरलेली एलईडी पट्टी देखणी आहे खरी, पण पार्किंगमध्ये कुणी ठोकली की खर्चही तसाच.

जुनी घेणार असाल तर २०२३ची शोधा, त्यातही एप्रिलनंतर बनलेली. सहा एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) सगळ्या व्हेरियंटना २०२३ सालातच आले. २०२२च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तीन तारे मिळालेली गाडी दोन एअरबॅगची होती. दुसरं म्हणजे पेट्रोल. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, आणि त्यासाठी तयार केलेल्या गाड्या एप्रिल २०२३पासूनच्या. आरसीवर नोंदणीची तारीख नको, उत्पादनाचा महिना वाचा. जानेवारीत बनलेली गाडी मे महिन्यात पासिंग झालेली असू शकते.

टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो. २३२३ म्हणजे २०२३चा तेविसावा आठवडा. कमी पळालेल्या गाडीच्या एकाच टायरचं साल वेगळं दिसलं, तर त्या कोपऱ्याला काय झालं होतं ते विचारा. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालाय का, तेही बघा. विकणारा हे आपणहून सांगणार नाही.

टर्बो हवा असेल तर मात्र नवीच घ्या. जुनं १.४ टर्बो (१४० पीएस) २०२३मध्ये बंद झालं; नवं १.५ टर्बो १६० पीएस, २५३ एनएम टॉर्कचं (ओढण्याचा जोर) आहे. एन लाइन ही स्पोर्टी क्रेटा सोडली तर त्याला फक्त सात गिअरचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मिळतो. त्याचे क्लच कोरडे. घाटातल्या ट्रॅफिकमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की क्लच तापतात. ब्रेक दाबून थांबायचं, पुढे पुरेशी जागा झाली की मगच सोडायचं.

एडास (कॅमेरा आणि रडारच्या आधारे चालकाला मदत करणारी यंत्रणा) वरच्या काही व्हेरियंटमध्येच आहे. द्रुतगती मार्गावर उपयोगी. गावाकडे पट्टेच पुसलेले, तिथे लेनची मदत गप्प बसते. कॅमेरा पुढच्या काचेमागे असतो, त्यामुळे काच बदलल्यावर कॅलिब्रेशन करावं लागतं. ते विम्यात धरलंय का, आधीच विचारून ठेवा.

महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या नव्या डिझेल गाडीला १४ टक्के रोड टॅक्स बसतो, पेट्रोलला १२. राज्यातली जुनी घेतली तर तो आधीच भरलेला असतो. मालकी बदलाचे फॉर्म २९, ३० आणि गाडीवर कर्ज असल्यास ते उतरवायचा ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्या.