शिवलेली सालं की गोठवलेलं रक्त?

ब्रिटिश कलाकार मार्क क्विनचं ‘सेल्फ’ (१९९१) म्हणजे स्वतःच्याच साडेचार-पाच लिटर रक्तातून ओतलेलं त्याचं मस्तक. रक्त अर्थातच एका दमात काढलेलं नाही, काही महिन्यांत थोडं थोडं जमवलेलं. ते उभं आहे फ्रीजरच्या जिवावर. वीज गेली की खेळ खलास. दर पाच वर्षांनी तो नवं मस्तक करतो, वाढत्या वयाचं. कल्पना दणदणीत, पण मला त्यात कलाकाराचा ‘मी’ जरा जास्तच दिसतो.

अमेरिकन कलाकार झोई लेनर्डचं ‘स्ट्रेंज फ्रूट’ (१९९२-९७) याच्या अगदी उलट. डेव्हिड वोनारोविच हा तिचा चित्रकार मित्र १९९२ मध्ये एड्सनं गेला. त्यानंतर ती खाऊन उरलेली सालं शिवत बसली: संत्री, केळी, लिंबं, अ‍ॅव्होकाडो. कुठे दोऱ्याचे टाके, कुठे बटणं, कुठे चक्क चेन. आतलं फळ गेलेलं, बाहेरून मात्र नीट शिवलेलं. अशी सुमारे तीनशे सालं फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात जमिनीवर मांडली जातात, ती आकसतात, काळी पडतात. संवर्धकानं ती टिकवण्याचा उपाय शोधून दाखवला, काही सालांवर करूनही पाहिला. तिनं नको म्हटलं.

आपल्या ओट्यावर केळ्याचं साल दोन दिवसांत काळं पडतं, आपण ते ओल्या कचऱ्यात टाकतो. तिनं त्याला टाके घातले. निवडायचं झालं तर मी सालांकडे जाईन. क्विनचं मस्तक एकदा बघून पुरे.