शेवटच्या तीन पाट्यांसाठी एक डिस्क: ‘सिटी लाइट्स’, क्रायटेरियन आवृत्ती

चार्ली चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’ (१९३१) या मूकपटात एक आंधळी फुलवाली चॅप्लिननं रंगवलेल्या गरीब भटक्याला श्रीमंत समजते, आणि तो तिला डोळ्यांच्या ऑपरेशनचे पैसे देऊन तुरुंगात जातो. चित्रपटाचा शेवट पाहून दोन माणसं दोन मतं घेऊन उठतात. एक म्हणतं, तिनं त्याला ओळखलं, त्याचा हात सोडला नाही, म्हणजे झालंच की सगळं. दुसरं म्हणतं, तिनं मनात रंगवलेला देखणा श्रीमंत पुरुष त्या क्षणी संपला. आता ती फार तर या भणंगाचे उपकार मानेल. चित्रपट दोघांनाही दुजोरा देत नाही. संवाद लिहिलेल्या तीन पाट्या येतात, भटक्याचा चेहरा दिसतो आणि पडदा काळा होतो.

अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीनं नोव्हेंबर २०१३मध्ये या चित्रपटाची ब्लू-रे आणि डीव्हीडी एकत्र काढली, त्यांच्या यादीत क्रमांक ६८०. ती घ्यावी की नाही याचा कस शेवटच्या प्रसंगावरच लावायला हवा. बॉक्सिंगची मारामारी किंवा दारू चढली की मित्र आणि उतरली की अनोळखी होणारा लखपती, हे कुठल्याही फुटकळ प्रतीत हसवतात. शेवट मात्र बोटांवर आणि डोळ्यांवर उभा आहे. प्रत धुरकट असेल तर तो नुसता गोड वाटतो, आणि गोड वाटला की चुकलाच.

प्रसंगात नेमकं काय काय घडतं? भटक्या तुरुंगातून सुटून आलाय, कपड्यांच्या पार चिंध्या झाल्यात. तिची दृष्टी आलीय, तिचं फुलांचं दुकान आहे. दुकानात एक टॉप हॅटवाला तरुण येतो तेव्हा तिचा चेहरा क्षणभर उजळतो, आणि तो गेल्यावर ती आजीला सांगते की तोच परत आला असं वाटलं. ही जागा बरेच जण विसरतात. ती वाट पाहतेय, पण वेगळ्याच माणसाची. मग पेपर विकणारी पोरं भटक्याची टर उडवतात, तो गटारातलं फूल उचलतो, आणि काचेआडून ती हसते. कौतुकानं नव्हे, चक्क त्याला हसते. तो तिला पाहून थिजतो, हातातल्या फुलाच्या पाकळ्या गळतात, आणि ती गंमत म्हणून त्याला नवं फूल आणि एक नाणं देऊ करते. तो सटकायला बघतो. ती त्याचा हात ओढून नाणं तळहातावर ठेवते, आणि तिथंच थांबते.

ओळख पटते ती डोळ्यांना नाही, बोटांना. म्हणून शेवट पाहून झाला की लगेच मागे जाऊन पहिल्या भेटीचा प्रसंग पुन्हा लावावा. डिस्कचा खरा उपयोग तिथे कळतो. पहिल्या भेटीत तिनं त्याच्या कोटाला फूल लावलेलं असतं. पुढे ऑपरेशनचे पैसे मिळाल्यावर तिनं हाच हात हातात घेऊन त्याचं चुंबन घेतलेलं असतं. शेवटी तिची बोटं हातावरून कोटापर्यंत जातात तेव्हा ती हीच उजळणी करत असतात. तो श्रीमंत असल्याचा तिचा समज झाला तोही आवाजामुळे. भटक्या पोलिसाला टाळायला रहदारीत उभ्या गाडीच्या एका दारातून शिरून दुसऱ्यातून उतरतो, आणि दार लावल्याचा आवाज तिला ऐकू येतो. मूकपटात आवाजावर कथा टांगायची ही युक्ती सापडेपर्यंत चॅप्लिननं त्या प्रसंगाचे टेकवर टेक घेतले. ३४२ हा आकडा गिनीज बुकात गेला.

मग पाट्या. ती विचारते, “तुम्ही?” तो मान हलवतो आणि विचारतो, आता दिसतं का? ती म्हणते, हो, आता दिसतं. त्याचा प्रश्न डोळ्यांपुरता आहे, तिचं उत्तर तेवढ्यापुरतं राहिलेलं नाही. पण तिला जे दिसलं ते आवडलं की नाही, हे त्या उत्तरात नाही. वादाची जागा हीच.

आमचं मत सांगायचं तर ‘ती स्वीकारते का’ याचा पुरावा भटक्याच्या हसण्यात शोधू नये. तो हसतो कारण तिला दिसतंय. त्याचा हिशेब तेवढ्यावर पूर्ण होतो. निकाल तिच्या चेहऱ्यावर आहे, आणि चॅप्लिननं शेवटचा शॉट तिचा ठेवलेलाच नाही. तिच्या आधीच्या क्लोजअपमध्ये हसू विरलंय, धक्का आहे, कणव आहे, आणि तरी हात सुटलेला नाही. हे चारही एकाच वेळी दिसणं ही प्रतीची परीक्षा. इथं ही आवृत्ती पूर्ण गुणांनी पास होते. ४के, म्हणजे खूप बारकावे टिपणाऱ्या, स्कॅनवरून केलेल्या डागडुजीत करड्या छटा शाबूत आहेत, चेहरे पुसून गुळगुळीत केलेले नाहीत, फिल्मचा दाणा दिसतो. तिच्या डोळ्यांभोवतीची हालचाल, जी जुन्या प्रतींमध्ये पांढऱ्या डागात हरवते, ती इथं वाचता येते.

फुलवाली झालेली व्हर्जिनिया चेरिल नवखी होती आणि तिला दूरचं नीट दिसत नसे. चॅप्लिननं तिला मध्येच काढून शेवटचा प्रसंग जॉर्जिया हेलवर चित्रित करून पाहिला, पण तोवर इतकं काम झालं होतं की चेरिललाच परत आणावं लागलं, तेही दुप्पट पगारावर. हेलचा तो तुकडा केविन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांच्या ‘अननोन चॅप्लिन’ (१९८३) या माहितीपटात आहे, मिळवून पाहाच. दुसरी नटी आली की तोच प्रसंग वेगळा निकाल देतो. चेरिलचा कच्चेपणा इथं पथ्यावर पडलाय, तिचा चेहरा भावनेचा निवाडा करत नाही.

आता टीव्हीची मांडणी, कारण निम्मं नुकसान घरी होतं. डिस्कवरची चौकट १.१९:१ आहे, म्हणजे जवळजवळ चौकोनी. मूकपटाच्या चौकटीत एका कडेला संगीताची ध्वनिपट्टी छापल्यामुळे ती अशी अरुंद झाली. आजच्या १६:९ टीव्हीवर चित्र रुंदीच्या साधारण दोन तृतीयांशात बसतं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ते दोष नाहीत. ‘झूम’ केलंत तर वरखाली मिळून एक तृतीयांश चित्र जातं, आणि शेवटच्या प्रसंगात सगळं छातीशी धरलेल्या हातांत आहे. ‘स्ट्रेच’ केलंत तर चॅप्लिन जाडा होतो. टीव्हीच्या सेटिंगमधलं मोशन स्मूदिंग बंद करा, ते हालचाल चोपडी करतं. शार्पनेस शून्यावर किंवा शून्याजवळ ठेवा. आवाज मूळ मोनोच आहे, त्याला खोट्या सराउंडमध्ये पसरू नका. संगीत चॅप्लिनचं, फुलवालीची धून मात्र स्पॅनिश संगीतकार होझे पादियाच्या ‘ला व्हियोलेतेरा’ची, आणि तिच्यावरून कोर्टकचेरीही झाली.

लांबी सुमारे ८७ मिनिटं. तुमच्याकडची डीव्हीडी ८३ मिनिटांच्या आसपास संपत असेल तर ती पाल या टीव्ही पद्धतीची आहे, सेकंदाच्या २४ फ्रेम्स २५च्या वेगानं पळवलेल्या. संगीताची पट्टीही थोडी चढते.

खरेदीची मोठी अडचण रिजनची, म्हणजे डिस्क जगाच्या ठराविक भागातल्या प्लेअरवरच चालण्याची. ही ब्लू-रे रिजन ए आहे आणि भारत रिजन सीमध्ये येतो. इथं घेतलेल्या साध्या प्लेअरवर ती बहुधा चालणारच नाही. रिजन-फ्री प्लेअर हवा. सोबतची डीव्हीडी रिजन १ आणि एनटीएससी, म्हणजे अमेरिकी टीव्ही पद्धतीची, आहे. बरेच स्वस्त डीव्हीडी प्लेअर सगळे रिजन घेतात, पण तुमचा घेतो का हे आधी तपासा. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून डिस्क मागवणाऱ्यांनी तर नक्कीच. पाट्या इंग्रजीतच आहेत, पण इतक्या सोप्या की दहावीच्या मुलालाही अडचण नको.

जोडीचा मजकूर भरपूर, सगळाच सारखा मोलाचा नाही. चॅप्लिनचे अभ्यासक जेफ्री व्हान्स यांचं चित्रपटासोबत ऐकायचं समालोचन माहितीपूर्ण आहे. पहिल्यांदा पाहताना ते लावू नये, शेवटावर तर अजिबात नाही. चॅप्लिनच्याच १९१५च्या ‘द चॅम्पियन’मधला तुकडा बॉक्सिंगच्या प्रसंगाशी ताडून पाहण्यापुरता. सेटवरची मूळ दृश्यं सर्वात रंजक, आणि वगळलेला एक अख्खा प्रसंगही आहे. फुटपाथवरच्या जाळीत अडकलेला लाकडाचा तुकडा काढायची भटक्याची खटपट, एवढाच. अप्रतिम जमलाय, आणि तरी चॅप्लिननं तो कापला. कथेला त्याचा उपयोग नव्हता.

पुस्तिकेत समीक्षक गॅरी गिडिन्सचा लेख आणि १९६६ची चॅप्लिनची मुलाखत आहे. शेवटच्या प्रसंगाबद्दल चॅप्लिननं सांगून ठेवलंय की आधीचे टेक अतिअभिनयानं बिघडले, आणि जमला तो टेक आपण तिच्याकडे बघत राहिलो, ती काय विचार करतेय याचा अंदाज घेत राहिलो, म्हणून जमला. ‘ती हो म्हणाली’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसालाही तेव्हा उत्तर ठाऊक नव्हतं.