पेटीच्या तळाशी कानडी पेपर

मे महिन्यात धाकटी बहीण मुलीला घेऊन नागपूरहून आठ दिवसांसाठी आली होती. कामधाम काही नाही. सकाळी तुळशीबाग, दुपारी मस्तानी, घरी येऊन पंख्याखाली ताणून देणं. भाचीला पितळी भातुकली हवी होती. तिच्या इवल्याशा बंबासाठी आम्ही दोघींनी वीस रुपयांवरून अर्धा तास घासाघीस केली. हे मुद्दाम सांगतेय, कारण दोन दिवसांनी त्याच दोघींनी २,८०० रुपये डोळे मिटून दिले.

तिला जाताना आंबे न्यायचे होते. मार्केट यार्डात जाऊ म्हटलं, पण ऊन मी म्हणत होतं. घराजवळच्या रस्त्यावर एक टेम्पो उभा होता. बोर्ड, ‘देवगड हापूस, थेट बागेतून’. माणूस चक्क मालवणीत बोलला, "ताईनू, आधी खावा, मगे घेवा." कापून दिलेली फोड खरंच केशरी, गोड. ती त्याने पायाशी ठेवलेल्या वेगळ्या टोपलीतल्या आंब्याची कापली होती, हे तेव्हा दिसूनही डोक्यात शिरलं नाही. सातशे रुपये डझन, चार डझनांची पेटी. वरचा थर देखणा होता. खालचा दाखव म्हटलं तर, "फळ हाताळलं की डागतं, रेल्वेनं जाणार ना?" आणि सुतळी बांधून मोकळा. बिल मागितलं नाही. पैसे फोनवरून दिले, तिथे आलेलं नाव बोर्डावरचं नव्हतं. तेही पाहिलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून फोन. "ताई, वरचे बाराच बरे आहेत गं." खाली लिंबाहून जरा मोठी, जाड सालीची फळं, कापल्यावर पिवळीधमक. मोजली तर एकूण एकेचाळीस. तळाला पेंढा आणि त्याखाली कानडी वर्तमानपत्र.

कर्नाटकचा हापूस वाईट नसतो, आमरसाला आम्हीही आणतो. पण त्याच्या भावाने! २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्गासह कोकणातल्या हापूसला. बोर्डावर ‘देवगड’ रंगवायला मात्र मानांकन लागत नाही.

मी टेम्पो शोधायला गेले. जागेवर शहाळेवाला. बोर्डावरचा नंबर बंद. ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन करायचा म्हटलं, तर हातात बिल कुठे होतं?

आता पेटी घेताना मी ती तिथेच उलटी करायला लावते, फळं मोजते आणि चवीची फोड त्याच पेटीतल्या, मी निवडलेल्या आंब्याची मागते. "विश्वास नाही का?" असं विचारणाऱ्याला "नाही" म्हणते. परवा एकाने पेटी परत टेम्पोत ठेवली.

बहिणीने त्या आंबट फळांचा साखरांबा केला. बरणीवर चिठ्ठी चिकटवलीय, ‘देवगड’.