गिटहब डेस्कटॉप: रेंज जाणाऱ्या गावातून टीमने काम करायचं तर

एक जण कुडाळला, एक चिपळूणला आणि तिसरा पुण्यात बसून होमस्टे बुकिंगचं किंवा आंब्याच्या ऑर्डरींचं सॉफ्टवेअर लिहीत असेल, तर कोडच्या झिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं आधी बंद करा. ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल खरं’ यांतली चालू कुठली, हे आठवड्याने कोणालाच सांगता येत नाही. यावर इलाज गिट, म्हणजे फायलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर. असा प्रकल्प ऑनलाइन ठेवून टीमला वाटायची जागा म्हणजे गिटहब, आणि हे सगळं बटणं दाबून करायचं त्यांचं अ‍ॅप म्हणजे गिटहब डेस्कटॉप. आणि ज्याने कमांड लाइनची, म्हणजे कमांड टाइप करून काम करायची, काळी खिडकी कधी पाहिलीच नाही, त्याला गिट शिकवायला गिटहब डेस्कटॉपइतकं सोपं दुसरं काही सध्या तरी नाही. मात्र ते रोजच्या कामापुरतं. गाडी रुळावरून घसरली की कमांड लाइन लागतेच, आणि कोकणात पावसाळ्यात ती जरा जास्तच घसरते.

गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं. प्रत्येकाच्या मशीनवर प्रकल्पाचा सगळा इतिहास असतो, त्यामुळे कमिट (बदलांची नोंद) करायला, जुनं काढून बघायला, नवी ब्रँच (कामाची वेगळी शाखा) काढायला इंटरनेट लागत नाही. ते लागतं फक्त क्लोन (पहिल्यांदा सगळा प्रकल्प उतरवणं), फेच (सर्व्हरवर नवीन काय ते विचारणं), पुल (ते आणणं) आणि पुशला (आपलं पाठवणं). दुपारभर रेंज नसली तरी दहा कमिट करून ठेवा, रात्री रेंज आली की एकदम पुश करा. आपल्याकडच्या नेटवर्कला हे फार सोयीचं पडतं.

गिटहब डेस्कटॉप फुकट आहे, विंडोज आणि मॅकवर चालतं. लिनक्ससाठी अधिकृत आवृत्ती नाही. विंडोजवर अ‍ॅडमिन पासवर्डशिवाय बसतं, म्हणून कॉलेजच्या लॅबमध्येही अडत नाही. गोंधळ इथे होतो: डेस्कटॉप स्वतःचं गिट आत घेऊन येतं, ते बाहेर कुणाला दिसत नाही. कमांड प्रॉम्प्टवर गिट टाइप केलं की अशी कमांडच नाही असं उत्तर येतं. तेव्हा गिट फॉर विंडोज वेगळं टाकून घ्या, पुढे लागणारच आहे. लॉगिन ब्राउझरमधून होतं, ही मोठी सोय. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब कमांड लाइनवर खात्याचा पासवर्ड घेत नाही, टोकन (गिटहबने दिलेला लांब कोड) किंवा एसएसएच की (तुमच्या मशीनची ओळख पटवणारी फाईल) लागते. त्याआधीचे व्हिडिओ बघून शिकणारे नेमके इथेच अडकतात.

रोजचा क्रम थोडक्यात असा. काम सुरू करताना वरचं ‘फेच ओरिजिन’ दाबा. याने तुमच्या फायली बदलत नाहीत, सर्व्हरवर नवीन काय आलंय एवढंच कळतं. काही आलं असेल तर तेच बटण ‘पुल ओरिजिन’ होतं, ते दाबलं की बदल उतरतात. मेन ब्रँचवर (सगळ्यांच्या मुख्य शाखेवर) थेट काम करू नका, एका कामाला एक ब्रँच. कमिट करताना डाव्या यादीतल्या सगळ्या फायलींवर आधीच टिक असते. ती तशीच ठेवली की डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाईलसुद्धा जाते. अशा फायली पहिल्याच दिवशी गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फायलींच्या यादीत) टाका. एकदा पुश झालेला पासवर्ड नंतर फाईल पुसली तरी इतिहासात राहतो, त्यामुळे तो बदलणं हाच खरा उपाय. फाईलमधल्या ठरावीक ओळीच निवडून कमिट करता येतात. हे काम कमांड लाइनवर किचकट आहे, इथे नुसतं क्लिक करायचं.

आता कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच ओळीत दोघांनी केलेले वेगवेगळे बदल. हापूसच्या पेटीत किती डझन हा आकडा सेटिंग्जच्या फाईलमध्ये आहे असं धरा. तुम्ही तुमच्या ब्रँचवर तो ५ केला, दुसऱ्याने केलेला ६ आधीच मेनमध्ये गेला. मेन तुमच्या ब्रँचमध्ये मर्ज (एकत्र) करताना गिट थांबतं आणि फाईलमध्ये हे लिहून ठेवतं:

<<<<<<< हेड
पेटी_डझन = ५
=======
पेटी_डझन = ६
>>>>>>> मेन

वरचं तुमचं, खालचं मेनवरचं. फोन करून खरा आकडा कोणता ते विचारायचं, एक ओळ ठेवायची, तिन्ही खुणा पुसायच्या, फाईल सेव्ह करायची, मग ‘कंटिन्यू मर्ज’. डेस्कटॉपची आम्हाला सगळ्यात खटकणारी गोष्ट इथेच आहे. फाईलच्या नावाशेजारच्या मेनूत ‘या ब्रँचची फाईल वापरा’ असा पर्याय मिळतो आणि नवशिका तो हमखास दाबतो. तो पर्याय भांडण असलेल्या ओळीपुरता नाही, अख्ख्या फाईलला लागू होतो. समोरच्याने त्याच फाईलमध्ये खाली केलेले, कशालाही न भिडणारे बदलही गुपचूप जातात. शंका आली तर सरळ ‘अबॉर्ट मर्ज’ करा. आणि कॉन्फ्लिक्ट आला नाही म्हणजे सगळं ठीक असंही नाही. एकाने फंक्शनचं नाव बदललं, दुसऱ्याने दुसऱ्या फाईलमधून जुन्या नावाने ते बोलावलं, तर गिट हूं की चूं करत नाही. चालवून बघावंच लागतं.

क्लोन हा दुसरा त्रास. मध्येच रेंज तुटली तर अर्धवट क्लोन पुढे सुरू होत नाही, पहिल्यापासून उतरवावा लागतो. डेस्कटॉपच्या खिडकीत डेप्थ, म्हणजे किती मागचा इतिहास उतरवायचा ते, देण्याची सोय नाही. कमांड लाइनवर डेप्थ १ देऊन फक्त शेवटची स्थिती उतरवा आणि मग ‘अ‍ॅड लोकल रिपॉझिटरी’ने (रिपॉझिटरी म्हणजे गिटने सांभाळलेलं प्रकल्पाचं फोल्डर) ते फोल्डर डेस्कटॉपमध्ये घ्या. रेंज अगदीच नसेल तर गिट बंडल वापरा: सगळा इतिहास एका फाईलमध्ये बांधला जातो, पेनड्राइव्हवर येतो, आणि त्यावरून नेहमीसारखं क्लोन होतं.

इन्व्हर्टर नसलेल्या डेस्कटॉप पीसीवर कमिट चालू असताना लाइट गेली, तर ‘ऑब्जेक्ट फाईल रिकामी आहे’ अशा अर्थाची एरर येऊ शकते. लिहिलेला डेटा डिस्कवर पोचायच्या आधीच वीज गेलेली असते. डेस्कटॉप इथे फक्त एरर दाखवतं, दुरुस्ती करत नाही. अख्ख्या फोल्डरची कॉपी बाजूला ठेवा, गिटहबवरून नवीन क्लोन घ्या आणि जुन्यातल्या कामाच्या फायली, डॉट गिट फोल्डर (गिट आपला इतिहास ठेवतं ते) सोडून, त्यावर चढवा. पुश न केलेल्या कमिटचा इतिहास जातो, काम वाचतं. रेंज मिळेल तेव्हा पुश करत राहा, ते यासाठी.

फायलींची नावं देवनागरीत ठेवली तर डेस्कटॉपमध्ये नीट दिसतात, पण कमांड लाइनवर गिट स्टेटस \३४०\२४४ असे आकडे ओकतं. फाईल बिघडलेली नसते. कोअर डॉट कोटपाथ ही सेटिंग फॉल्स केली की नावं दिसू लागतात. होमस्टेचे फोटो आणि व्हिडिओ मात्र रिपॉझिटरीत भरू नका. ५० एमबीच्या वर गिटहब इशारा देतं, १०० एमबीच्या वरची फाईल घेतच नाही, आणि ती फाईल नंतर पुसली तरी आधीच्या कमिटमध्ये असल्याने पुश अडलेलाच राहतो.

खर्चाचं म्हणाल तर खासगी रिपॉझिटरी आणि त्यात हवी तेवढी माणसं २०२० पासून फुकट आहेत. मेन ब्रँचला कुलूप लावणं मात्र फुकट खात्यात फक्त सार्वजनिक रिपॉझिटरीवर चालतं. खासगी कामात ‘मेनवर थेट पुश नाही’ हे तिघांनी तोंडी ठरवून पाळायचं, नाहीतर पैसे भरायचे.